अकरा घंटा आणि क्रेलचं पत्र

माणसाने आयुष्यात एकदा तरी घंटा वाजवावी आणि कोणीतरी चहा घेऊन यावं, एवढीच माझी इच्छा होती. यात काही भलतंसलतं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मॉरीनला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण मॉरीन माझी बायको आहे, आणि बायकोचं मत म्हणजे जनमत नव्हे, असं मी तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने नेहमी म्हणत आलो आहे.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. दर रविवारी रात्री नऊला टीव्हीवर 'मेरिडन हॉल' लागायचं आणि लोअर ऑसबर्न गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची. वरच्या मजल्यावर उमराव, तळघरात नोकरचाकर, मध्ये जिना, आणि जिन्यावर कोणीतरी रडत असलेलं, अशी एकंदर मांडणी. आम्ही गावकरी सगळे तळघरातल्या माणसांची नातवंडं. पण बघायला बसलो की प्रत्येकजण वरच्या मजल्यावर! मी स्वतः पाणी खात्यातला हेडक्लार्क. पण रविवारी नऊ ते दहा माझा आवाज बदलायचा. त्या तासात मी मॉरीनला एकदा "प्रिये, पडदे ओढायला सांग" असं म्हणालो होतो. तिने ओढायला सांगितले. मला.

मालिकेत क्रेल नावाचा बटलर होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या हाती एक पत्र आलं. ते त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुढचे सव्वीस भाग तिथेच ठेवलं. दर भागात एकदा खिशावर हात ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि चांदीचे चमचे मोजायला लागायचा. सारा देश घायकुतीला आला होता. आमचा दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडात चिमटा घालून विचारायचा, "पत्रात काय असेल हो?" आणि पेशंट बिचारे तसंच उत्तर द्यायचा प्रयत्न करायचे.

ते पत्र क्रेलला कोणी दिलं, हे मी सोडून अख्ख्या इंग्लंडने पाहिलं. मी स्वयंपाकघरात होतो.

त्याचं असं, की मधल्या जाहिराती असायच्या तीन मिनिटं दहा सेकंद. किटली उकळायला लागायची पावणेतीन मिनिटं. आणि चहा चार मिनिटं मुरल्याशिवाय मॉरीन त्याला चहा म्हणत नाही. हे गणित कसंही मांडा, जाहिरातींनंतरची सुरुवात हुकणारच. त्यातून जाहिराती लागल्या की सगळं गाव एकदम किटल्या लावायचं. दिवे मंद व्हायचे, टाकीतलं पाणी दोन बोटं खाली जायचं. चर्चचं घड्याळ दर रविवारी चार मिनिटं मागे पडायचं, म्हणून पाद्रीबुवा सोमवारी ते पुढे करायचे. टाकीचं मी शपथेवर सांगतो, घड्याळाचं पाद्रीबुवांनी सांगावं.

चहाला कोणी उठायचं, हा आमच्याकडे कायम धुमसणारा प्रश्न. मॉरीनचा गुडघा, माझी कंबर. शेवटी कंबर उठायची.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. कोपऱ्यावरचा नॉर्मन टकवेल म्हणाला, "थर्मास घे."

मॉरीन म्हणाली, "थर्मासमधला चहा प्रेतयात्रेत देतात."

"मग स्टोव्ह बैठकीत आणून ठेव."

"आणि गालिच्याला आग लागली की?"

"तोवर जाहिराती संपलेल्या असतात," नॉर्मन शांतपणे म्हणाला. हा माणूस तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून निवृत्त झालेला. जगातली प्रत्येक अडचण एखादी तार कमी पडल्यामुळे आली आहे, असा त्याचा धर्म होता.

अशात बातमी आली, की गावाबाहेरच्या स्टॅनिक कोर्ट या वाड्यातल्या सामानाचा लिलाव आहे. मालकांचा वंश संपला होता, आणि वाडा कुठल्याशा कंपनीने घेतला होता. यादीत एक्केचाळीस नंबरला होती एक छोटी पितळी हातघंटा. मी ठरवलं, घंटा घ्यायची. मालिकेचे शेवटचे सहा भाग उरले होते, आणि शेवटच्या भागात पत्र उघडणार असं वर्तमानपत्रांत आलं होतं. आता एक सेकंदही हुकवायचा नव्हता.

लिलावाला मी वेळेवर पोचलो. चाळीस नंबर चालू होता. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत आमच्या शेजारीण पार्जिटरबाई दिसल्या. सत्तरीच्या, विधवा, डोक्यावर कायम एक तपकिरी टोपी. आमची आणि त्यांची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी चिकटलेली. ओळखीचं माणूस दिसलं की मान हलवायची, ही आमच्याकडची रीत. मी मान हलवली. त्यांनी हलवली. त्यांनी हलवल्यावर पोच म्हणून मला पुन्हा हलवावी लागली. तशी त्यांनाही. तुम्हाला वाटेल कोणीतरी थांबायचं. पण थांबणाऱ्याला उद्धट म्हणतात हो! असं आमचं बराच वेळ चाललं. मंचावरचा माणूस भलताच खुशीत आलेला दिसला. शेवटी बाई चष्मा शोधायला पर्समध्ये वाकल्या, हातोडा आपटला, आणि माझ्याकडे बोट दाखवून तो ओरडला, "चाळीस नंबर, त्या दिलदार गृहस्थांना!"

चाळीस नंबर म्हणजे नोकरांना बोलवायच्या अकरा घंटांची सहा फुटी ओक फळी. आम्ही दोघं अभिवादनात एकमेकांवर बोली चढवत होतो. किंमत मी मॉरीनला अजून सांगितलेली नाही.

बाहेर पार्जिटरबाई भेटल्या. "चांगल्या घरी गेल्या घंटा," म्हणाल्या. "माझी जुनी ओळख आहे त्यांची." कसली ओळख, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

फळी घरात आली ती तिरकी करून, खिडकीतून. प्रत्येक घंटेखाली सोनेरी अक्षरांत खोलीचं नाव. मॉरीन कमरेवर हात ठेवून वाचत होती.

"निळी शयनखोली. ही कुठली आपल्याकडे?"

"मागची. इस्त्रीचं टेबल आहे ती."

"आणि बिलियर्डची खोली?"

"सायकलींची शेड धर."

"बाईसाहेबांची शृंगारखोली?"

मी एक घंटा बाहीने पुसायला घेतली.

"बरं क्लाइव्ह, एक सांग. घंटा वाजली की येणार कोण?"

खरं सांगतो, या दिशेने मी विचारच केला नव्हता. मी म्हणालो, "आळीपाळीने." ती हसली. तिचं ते हसणं ऐकलं की मला पाणी खात्याच्या वार्षिक तपासणीची आठवण होते.

नॉर्मनने तारा ओढल्या. फळी बसली स्वयंपाकघरात, पार्जिटरबाईंच्या बाजूच्या भिंतीवर. मी एकच दोरी मागितली होती. पण मोकळं टोक दिसलं की नॉर्मनला राहवत नाही, म्हणून त्याने अकराच्या अकरा माझ्या खुर्चीशी आणून सोडल्या. मी त्यांच्यामध्ये बसलो की कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा दिसायचो. ड्रिल करताना "अरेच्चा" असा एक उद्गार त्याच्या तोंडून निघाला होता, पण लगेच तो शीळ घालायला लागला. संध्याकाळी पार्जिटरबाई दारात आल्या. "तुम्ही दोघं बरे आहात ना?" म्हणाल्या. आम्ही बरे होतो. "छान," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून, बरोबर अकरा तारखेतून, वीतभर ड्रिल बाहेर आलं होतं आणि पोपडे मुरंब्याच्या बरणीत पडले होते, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

पहिला रविवार उजाडला. जाहिराती लागल्या. मी निळ्या शयनखोलीची दोरी ओढली. स्वयंपाकघरात असा काही गोड नाद उमटला, की मला माझी छाती रुंद झाल्यासारखी वाटली.

मॉरीन विणत होती. "कोणीतरी घंटा वाजवतंय," ती म्हणाली, आणि विणत राहिली.

मी पुन्हा ओढली. दोन मिनिटं गेली. आणि पुढच्या दारावर टकटक झाली! दारात पार्जिटरबाई. पायात सपाता, हातात ट्रे, किटलीवर लोकरी टोपडं.

"निळी शयनखोली ना?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "चहा, दोन बिस्किटं, लिंबू नको. उशीर झाला, माफ करा. पूर्वी जिना जवळ होता."

ट्रे ठेवला, गुडघ्यात किंचित वाकल्या आणि पळत घरी गेल्या.

चहा कसा होता म्हणून सांगू! चार मिनिटं मुरलेला. मॉरीननेसुद्धा दोन कप घेतले आणि मग मला फैलावर घेतलं. "लाज वाटत नाही? सत्तरीची बाई सपाता घालून पळतेय."

"मी तिला कुठे बोलावलं? मी घंटा वाजवली."

"तिला भिंतीतून ऐकू जातं ते!"

"मग भिंतीला बोल."

पुढच्या रविवारी मी दोरी ओढली ती केवळ तारेला गंज चढू नये म्हणून. बाई आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी बिलियर्डच्या खोलीची ओढून पाहिली, निव्वळ जिज्ञासा. बाई व्हिस्कीचा ग्लास घेऊन आल्या! माझी झोप उडाली. एकीकडे मन म्हणे, हे बरोबर नाही. दुसरीकडे शृंगारखोलीच्या दोरीला काय येत असेल, या विचाराने ऑफिसात लक्ष लागेना.

मॉरीन म्हणाली, "येऊ नका असं सांग त्यांना." पण कसं सांगणार? कोणी प्रेमाने चहा आणला आणि आपण नको म्हटलं, तर आमच्याकडे पुढच्या पिढ्या बोलत नाहीत. शेवटी पत्र लिहायचं ठरलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. पाचव्यांदा हवेवरचा परिच्छेद जमला, तेवढाच पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, हवेबद्दल आपण पूर्ण सहमत आहोत म्हणून.

याहून एक वाईट गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. माझ्या चहापायी जाहिरातींनंतरची सुरुवात आता पार्जिटरबाईंची हुकायची. सोमवारी कुंपणापाशी त्या विचारायच्या, "काल जाहिरातींनंतर काय झालं हो?" आता बिस्किटं बुडवण्याच्या नादात माझंही लक्ष नसायचं. पण हेडक्लार्कला माहीत नाही असं म्हणायची सवय नसते. मी एकदा सांगितलं, सरदारसाहेब माशांच्या तळ्यात पडले. एकदा सांगितलं, स्वयंपाकीण ही मुळात रशियन राजकन्या आहे. बाई "अगंबाई!" म्हणायच्या आणि मान डोलवायच्या. मला वाटायचं, खपलं.

शेवटच्या भागाला दोन आठवडे उरले आणि कौन्सिलचं पत्र आलं. स्टॅनिक कोर्ट ही संरक्षित वास्तू असून घंटांची फळी तिच्या भिंतीचा भाग आहे. ती काढणं बेकायदा होतं. मी कौन्सिलात गेलो. मिस्टर फिंचम नावाचे अधिकारी होते. बारीक, उदास, नाकाला कायम सर्दी.

"फळी मूळ भिंतीवर परत लावा," ते म्हणाले.

"ती भिंत कंपनीने पाडली. तिथे पोहण्याचा तलाव होतोय. आणि त्याला परवानगी तुमचीच आहे."

"तो विभाग वेगळा."

"मग फळी लावू कुठे? पाण्यात?"

"तशी सोय फॉर्ममध्ये नाही." त्यांनी नाक पुसलं. "एकच वाट आहे. फळीचा मूळ वापर चालू असेल, तर आहे तिथे राहू शकते. म्हणजे घरात कोणी वाजवणारं हवं, आणि धावणारं हवं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्टर हेझल्डन, पत्रात काय असेल, तुमचा अंदाज?"

फॉर्मवर प्रश्न होता: घरातील नोकरांची संख्या. मी लिहिलं, एक. खाली: नाव. पार्जिटरबाईंचं लिहावं इतका मी निर्लज्ज नव्हतो. मॉरीनचं लिहावं इतका शूर नव्हतो. पेन बराच वेळ हवेत फिरवून मी लिहिलं: क्लाइव्ह हेझल्डन. कागदावरचा नोकर, म्हटलं, कोण बघायला येतंय?

फिंचम आले. तपासणीसाठी त्यांनी दिवस निवडला तो शेवटच्या भागाचा रविवार. ते राहायचे ज्या घरात, तिथली मालकीण त्या वेळी दुसऱ्या चॅनेलवर भजनं लावायची, हे मागाहून उघड झालं. बरोबर आठ पन्नासला ते फाइल घेऊन दारात. नॉर्मनही आला होता. त्याचा टीव्ही बंद होता, कारण त्याने तो स्वतः दुरुस्त केला होता. आणि मॉरीनने पार्जिटरबाईंना आग्रहाने बोलावून आणलं होतं. "बाई, आज तुम्ही बसायचं," ती म्हणाली, आणि त्यांना कुठे बसवलं म्हणता? माझ्या खुर्चीत! अकरा दोऱ्यांच्या मध्ये!

"सुरू करू या," फिंचम म्हणाले. "नोकर कोण?"

मॉरीनने मला एप्रन दिला. झालरीचा होता.

"एक मिनिटाचं काम आहे ना?" मी विचारलं.

"अकरा घंटा आहेत," फिंचम फाइल उघडत म्हणाले. "प्रत्येकीचा मूळ वापर तपासावा लागेल. पण कुठल्या घंटेला काय न्यायचं, हे कोणाला माहीत आहे?"

"मला," पार्जिटरबाई म्हणाल्या. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांचे केस मी पहिल्यांदाच पाहिले. "वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी स्टॅनिक कोर्टला कामाला होते, चार वर्षं. प्रत्येक घंटेचा सूर वेगळा असतो. आवाजावरून पाय उठायचे आमचे. मिस्टर हेझल्डन, त्या पहिल्या रविवारी मी टीव्हीपाशी बसले होते. निळी शयनखोली वाजली, आणि मला कळायच्या आत ट्रे हातात होता."

मला बिस्किटं आठवली. सगळी.

"अशा दोऱ्यांची धूळ मी चार वर्षं रोज पुसली," बाई म्हणाल्या. "ओढली कधी नाही. एकदाही." त्यांनी निळ्या शयनखोलीच्या दोरीवरून बोट फिरवलं. "ओढू का?"

आता, मी लबाड असेन, पण दगड नाही. शिवाय नऊला अजून सहा मिनिटं होती. मी स्वयंपाकघरात जाऊन फळीखाली उभा राहिलो.

घंटा वाजली. मी चहा घेऊन गेलो.

"उशीर झाला, हेझल्डन," बाई म्हणाल्या. माझ्या नावाआधीचं मिस्टर गेलं होतं. "आणि बशी पुस. किटलीवर टोपडं कुठाय?"

"आणतो," मी म्हणालो.

"आणतो, बाईसाहेब," मॉरीनने दुरुस्त केलं.

टोपडं शोधेपर्यंत नऊ वाजले. मालिकेची धून सुरू झाली आणि तिच्यावर बिलियर्डची खोली वाजली. फिंचमना व्हिस्की. मग नर्सरी, म्हणजे मुलांची खोली: कोमट दूध, साय काढून. दूध नॉर्मन प्याला. मग वाचनालय: कोळसा. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी तुला कारणं विचारली नाहीत, हेझल्डन." शेजारून कोळसा आणला! शृंगारखोलीला काय येतं, हेही अखेर कळलं. गरम पाण्याची बादली, वरच्या मजल्यावर. दर वेळी बैठकीत शिरलो की पडद्यावर क्रेलचं अर्धं वाक्य ऐकू यायचं, "सरकार, गेली दोन वर्षं माझ्या खिशात..." की घंटा! फिंचम फाइलवर खूण करायचे, आणि त्यांची नजर टीव्हीवरून हलायची नाही.

दहाव्या घंटेनंतर मी ठरवलं, आता बास. घड्याळात दहाला सात कमी. मी एप्रनला हात पुसत दाराशी उभा राहिलो. पडद्यावर क्रेल उभा होता. हात खिशात गेला होता. पाकीट बाहेर येत होतं.

"हेझल्डन," बाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, आणि सकाळच्या खोलीची दोरी ओढली. "एक अंडं. चार मिनिटं."

"बाईसाहेब, फक्त एक मिनिट..."

"अकरावी राहिली, तर प्रमाणपत्र देता येणार नाही," फिंचम कुजबुजले.

स्वयंपाकघरात अंडं पाण्यात नाचत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो. बैठकीतून आधी शांतता ऐकू आली. मग मॉरीनचा हुंदका. मग नॉर्मन "नाही, नाही, नाही!" म्हणाला. मग फिंचमनी नाक शिंकरलं, आणि या वेळी ते सर्दीचं नव्हतं. मी अंडं घेऊन धावलो. पडद्यावर नावं सरकत होती. चौघांचे डोळे ओले.

"काय होतं पत्रात?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॉरीन म्हणाली, "क्लाइव्ह, ज्याने पाहिलं नाही त्याला शेवट सांगणं असभ्यपणाचं आहे."

"मी नोकर आहे. नोकरांना सगळं कळतं."

"मग सांगते," पार्जिटरबाई अंड्याचं टोक चमच्याने फोडत म्हणाल्या. "सरदारसाहेब माशांच्या तळ्यात पडले."

प्रमाणपत्र मिळालं. फ्रेम करून फळीखाली लावलंय. त्या काळी टीव्हीवरचं हुकलं ते हुकलं. पुन्हा दाखवतील म्हणून मी आठ वर्षं थांबलो. मग कळलं, टेपा पुसून त्यांच्यावर घोड्यांच्या शर्यती घेतल्या. नॉर्मन मरताना जे सांगून गेला ते फिंचमच्या सांगण्याशी जुळत नाही. मॉरीनला विचारलं की ती म्हणते, "घंटा वाजव, बघ कोणी येतंय का."

पार्जिटरबाई नव्वदीत वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा निळ्या शयनखोलीची घंटा फळीवरून काढून मी त्यांना नेऊन दिली. कौन्सिलला कळवलं नाही. त्यांनी ती पलंगाला बांधून घेतली. मॉरीन उशाशी बसली होती. मी वाकून विचारलं, "बाई, आता तरी सांगा. पत्रात काय होतं?"

बाईंनी पलंगावरची घंटा सारखी केली. त्यांचे डोळे भरून आले. "सांगते," म्हणाल्या. "पण घसा कोरडा पडलाय हो. चहा मिळेल का?"

मी धावलो. किटली शोधली, पाणी उकळलं, चार मिनिटं मुरवला, बशी पुसली, टोपडं घातलं. ट्रे घेऊन परतलो तो मॉरीन रुमालाने डोळे टिपत होती. बाई उशीला टेकून अगदी शांत पडल्या होत्या.

"सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं की आत्ता सगळं, पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "कुठे होतास, हेझल्डन?"

आणि त्यांनी घंटा वाजवली. बिस्किटं राहिली होती.